गुरुवारची नदी

१२ मे, रविवार

अक्षर वाकडंतिकडं येतंय – येऊ दे. कोण वाचणार आहे!

सकाळी वर गेलो होतो, गिरणीच्या डोहाच्याही वर, जिथं नदी नुसत्या धोंड्यांतून उड्या मारत येते. डोंगरावरचं बर्फ अजून वितळतंय, मांड्या बधिर झाल्या. आसपास चिटपाखरू नाही. लेऑन शहरातून येणारी गळवाल्यांची सगळी फौज खाली धरणापाशीच अडते. तिथं काठी फिरवायला जागा नसते, आणि इथं मी एकटा राजा. मोठ्या काळ्या धोंड्यामागे पाणी जरा दम खातं, तिथं गळाची खोटी माशी सोडली. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा काही नाही, मग दोरा गपकन थांबला. जड! काठी अशी वाकली की वाटलं गेली. त्याच्यामागे धडपडत खाली गेलो, गुडघा फोडून घेतला, पण शेवटी जाळीत घेतलाच. ट्राउट – माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतचा. असा मासा की बाजारातून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी न्यावा.

गळ काढायला तोंड उघडलं, तर जबड्याच्या कडेला दुसरीच एक माशी रुतलेली. पिसांची, रेशमानं बांधलेली. म्हणजे याआधी कुणाच्या तरी हातून सुटलेला. ती काढून तळहातावर घेतली आणि मी बसलोच. होतो तिथं, पाण्यात.

माशी फ्रॉइलाननं बांधलेली.

फ्रॉइलान चार वर्षांपूर्वी याच नदीत वाहून गेला. माझा खाणीतला जोडीदार, जिवाभावाचा मित्र. प्रेत मिळालं नाही, देहाशिवायच शवपेटी पुरली, खांदा मी दिला. आणि त्याच्या बायकोशी, ओब्दुलियाशी, पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला माझं लग्न आहे!

१२ मे, संध्याकाळी

शांतपणे विचार करायचा ठरवलंय. जमत नाही.

चूक होणं शक्य नाही. आमच्या खोऱ्यात माशी बघून हात ओळखतात, पहिल्या घासाला कुणाच्या घरचं सूप ते ओळखावं तसं. सगळे रेशीम एका दिशेनं गुंडाळतात, फ्रॉइलानचं उलट्या दिशेनं. आणि पिसाच्या खाली पिवळ्या रेशमाचा एकच फेरा. मी स्वतः कितीदा करून बघितलं – उलटं गुंडाळलं की सुटून हातात येतं. माद्रिदहून लोक यायचे त्याच्या माश्या न्यायला. बांधताना मात्र कुणाला जवळ येऊ द्यायचा नाही. ‘कुणी बघितलं की माझा हात कापतो.’ हिवाळाभर खुराड्यामागच्या खोलीत दार लावून बसायचा. आम्ही बाहेर वाइन पीत, आणि ओब्दुलिया आतून माश्यांची डबी आणून आमच्यापुढे ठेवायची. काय कौतुक व्हायचं! मी तर डोळे मिटून डबीचं झाकण लावायचो, इतका हेवा वाटायचा.

म्हटलं, जुनी असेल. कुणाकडे तरी उरलेली. पण गळाला गंजाचा ठिपका नाही. चार वर्षांचा जुना गळ असा राहतो होय?

आणि पीस! ते पीस बघून तोंडचं पाणीच पळालं. लालसर झाक असलेलं, बारीक ठिपक्यांचं. हे पीस या अख्ख्या खोऱ्यात एकाच कोंबड्याच्या अंगावर आहे – ओब्दुलियाच्या ‘बिशप’च्या. आमचे कोंबडे खायचे नव्हेत, पिसांसाठी पाळायचे. थंडीत, उतरत्या चंद्राला, हातानं पिसं उपटायची, तरच त्यांना चकाकी राहते. बिशपची पिसं या वर्षी पहिल्यांदाच निघाली. तिनं त्यातली मूठभर मला दिली, बाकी कुणाला नाही. मी कपाटातून काढून शेजारी ठेवली. तीच!

फ्रॉइलान गेला तेव्हा बिशप अंड्यातसुद्धा नव्हता.

१३ मे, सोमवार

झोप नाही. माझ्या ताईनं, एतेल्विनानं, तो ट्राउट डुकराच्या चरबीत तळला. माझ्या घशाखाली उतरेना. ताईनं दोघांचा वाटा खाल्ला, आणि वर म्हणते, ‘प्रेमात माणसाची भूक मरते म्हणतात, पण तुझ्या वयात पोटाचा डॉक्टर बघावा.’

१४ मे, मंगळवार

ओब्दुलियाकडे गेलो. विचारायचंच असं ठरवून गेलो होतो. ती अंगणात मटार सोलत बसलेली. भोवती कोंबडे, बिशप मध्ये छाती काढून. मी त्या कोंबड्याकडे असा बघत राहिलो की जणू तोच काही सांगेल.

‘काय रे, नवरा मुलगा! मला बघायला आलास की कोंबड्याला?’

लग्नाच्या जेवणाचं बोलणं झालं. ती म्हणे कोकरू, मी म्हटलं ट्राउटचं सूपही हवं. तिचा चेहरा बदलला. ‘नदीतलं काही माझ्या ताटात नको,’ म्हणाली. खरंच आहे. फ्रॉइलान गेल्यापासून तिनं नदीकडे पाठ फिरवलीय. पुलावरून जायला नको म्हणून चर्चला वळसा घालून येते, सारं गाव जाणतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या नदीनं तिचा नवरा गिळला तिचंच सूप मी तिला भरवायला निघालो होतो.

कॉफी ओतताना माझ्या कोपराचा धक्का लागून कप सुटला. तिनं तो जमिनीवर पडायच्या आत डाव्या हातानं झेलला. या वयात! म्हटलं, वा! तर ओशाळून हात एप्रनआड नेला.

विचारलं नाही. कसं विचारणार? दफनाचा दिवस डोळ्यांसमोर येतो. पेटीत ठेवायला देह नव्हता. मग आम्ही त्याचा रविवारचा कोट ठेवला, काठी ठेवली, आणि माश्यांनी खच्चून भरलेली ती डबी. डबीची कल्पना माझी. सगळे म्हणाले, लाउरेआनो, तू खरा मित्र. झाकण लावणार तेवढ्यात ओब्दुलिया अशी काही ओरडली की फादर बेनिग्नोंच्या हातातलं पुस्तक पडलं. पेटीवर झेपावली, दोन्ही हात आत घातले. मी मागून तिचे हात धरले आणि ओढून बाहेर काढले. असं प्रेम! मी आयुष्यभर बिनलग्नाचा, माझ्यासाठी कुणी असं रडेल का, असं त्या क्षणी वाटलं. माझं सगळं तिथंच सुरू झालं, तिचे हात हातात असताना.

आणि आता तोच परत आला असेल तर?

१५ मे, बुधवार

एतेल्विनाला सांगून टाकलं. पोटात ठेवून ठेवून पोटच दुखायला लागलं होतं. माशी दाखवली. तिनं चष्मा लावला, खिडकीशी नेऊन बघितली, आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

‘मेलेला माणूस माश्या बांधत नाही, लाउरेआनो.’

‘तेच तर म्हणतोय मी!’

‘म्हणजे खिंडीपलीकडे अस्तुरियासला पळाला असेल. बायका ठेवायला माणसं तिकडेच जातात.’

‘मग बिशपचं पीस त्याच्याकडे कुठून आलं?’

ताईनं चष्मा काढला. मग हळूच म्हणाली, ‘ज्याचा कोंबडा त्यानंच दिलं असणार ना.’

डोक्यात घण बसला! हे मला का सुचलं नव्हतं? सुचलं होतं. सुचू दिलं नव्हतं.

१६ मे, गुरुवार

आज गुरुवार. नदी बंद. गुरुवारी ट्राउट धरायचा नाही हा नियम आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलाय, गुरुवारी कुणी पुलावरूनसुद्धा खाली वाकून बघत नाही. मी बाजार करतो, मग मासिमिनोच्या बारमध्ये पत्ते.

पत्ते सोडून ओब्दुलियाकडे गेलो. घर बंद. हाका मारल्या, उत्तर नाही. म्हटलं मागे खुराड्याकडे असेल. मागे गेलो.

दोरीवर नदीत उतरायची रबरी पाणविजार वाळत होती. छातीपर्यंतची, गुडघ्यावर हिरवं ठिगळ. फ्रॉइलानची जुनी. ठिगळ लावलं तेव्हा गोंदाचा डबा मी धरला होता! आणि ती ओली होती. टपकत होती. खाली त्याचे बूट, नदीची वाळू चिकटलेली. फ्रॉइलानचे पाय लहान, आम्ही त्याला ‘नर्तकी’ म्हणायचो. खोलीचं दार – तीच खुराड्यामागची – आतून की बाहेरून बंद, कळेना. मी कान लावला. कोंबड्यांच्या कलकलाटात काय ऐकू येणार!

ओब्दुलिया मागच्या वाटेनं आली. हातात टोपली, त्यावर फडकं. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले. मला बघून थबकली.

‘आज पत्ते नाहीत?’

‘कुठं गेली होतीस?’

‘नणंदेकडे. अजून लग्न व्हायचंय, चौकशी आत्तापासून?’

हसून म्हणाली. मीही हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले. पाणविजारीबद्दल अवाक्षर काढता आलं नाही. घरी कसा आलो आठवत नाही.

तो तिथंच आहे. त्या खोलीत. गुरुवारी कुणी नदीवर नसतं, तेव्हा बाहेर पडतो.

१७ मे, शुक्रवार

चार वर्षं! चार वर्षं तिच्या अंगणात बसून मी त्याच्या आठवणीनं रडलोय, आणि तो भिंतीपलीकडे बसून ऐकत होता? हसत होता? मेल्या फ्रॉइलान, तुझ्या नावानं दर नोव्हेंबरला थडग्यावर फुलं मी नेतो!

आणि ती? मला हो का म्हणाली?

१९ मे, रविवार

आज विचारलंच. सरळ नाही, वाकड्यातून. चर्चमधून वळशाच्या वाटेनं परत येताना.

‘समज, फ्रॉइलान जिवंत असता. आत्ता समोर उभा राहिला असता. तर?’

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, भिंतीला टेकून उभी राहिली. ‘तर आधी त्याला विचारलं असतं, डुकरांना खायला कोण घालणार होतं? आणि तुला कॉफीसुद्धा मिळाली नसती.’ मग हसू ओसरलं. माझ्याकडे बघत राहिली. ‘असं का विचारतोस?’

‘असंच.’

‘लाउरेआनो, तुला लग्न मोडायचंय का? मोडायचं असेल तर तोंडानं सांग. मी काच नाही फुटायला.’

मला मोडायचंय! मला! तिच्याशिवाय माझे दिवस कसे जातील हे मला ठाऊक आहे, ते मी आधी छप्पन्न वर्षं घालवून बघितलेत. तिच्या तोंडावर हे बोलायला हवं होतं. कागदावर काय उपयोग.

२२ मे, बुधवार

उद्या गुरुवार. जाणार आहे. आयुष्यात बंदीच्या दिवशी नदीवर पाय ठेवला नाही, उद्या ठेवणार. काठी नेणार नाही. भेटला तर काय करीन माहीत नाही. मिठी मारीन की थोबाडीत देईन. एतेल्विना म्हणते दोन्ही कर, पण आधी मिठी, कारण नंतर तो पळेल.

२३ मे, गुरुवार

उजाडताना काळ्या धोंड्यासमोरच्या झुडपात जाऊन बसलो. थंडीनं दात वाजत होते, थंडीनंच असं नाही.

आला! कोवळं ऊन कड्यावरून खाली उतरत होतं तेव्हा आला. तीच पाणविजार, हिरवं ठिगळ. फ्रॉइलान घालायचा तसलीच चपटी टोपी डोळ्यांवर ओढलेली. पाण्यात उतरला तो असा, की एकाही धोंड्यापाशी पाणी खळखळलं नाही. आवाज फुटेना म्हणून बरं, नाहीतर तेव्हाच ओरडलो असतो.

मग काठी फिरवली आणि मी बघतच राहिलो. फ्रॉइलान इतका सुंदर कधीच टाकत नव्हता. दोरा हवेत लांब उलगडला आणि माशी धोंड्याच्या कुशीत अशी उतरली की पाण्याला कळलंसुद्धा नाही. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं. काठी डाव्या हातात होती.

फ्रॉइलान उजव्या हाताचा होता!

मी उभाच राहिलो. फांद्या मोडल्या. ‘फ्रॉइलान!’ म्हणून ओरडलो, आता कशासाठी ते मलाच माहीत नाही.

टोपी वळली. ओब्दुलिया.

ओब्दुलिया! कमरेपर्यंत पाण्यात, ज्या नदीवरच्या पुलावरून ती चालत नाही त्या नदीत! माझी ओब्दुलिया!

एवढंच. आत्ता पुढे लिहवत नाही.

२३ मे, दुपारी

लिहितो. नाही लिहिलं तर उद्या मलाच खोटं वाटेल.

ती घाबरली नाही. दोरा गुंडाळला, काठावर आली आणि म्हणाली, ‘यायचंच होतं तर जाळी तरी आणायचीस.’

मी खिशातून माशी काढून पुढे केली. तिनं ती झटकन उचलून डोळ्यांशी नेली.

‘ही कुठं मिळाली?’

‘ट्राउटच्या जबड्यात. या धोंड्यामागे. बारा तारखेला.’

‘त्याच्या आधीच्या गुरुवारी त्यानं माझा दोरा तोडला! दोन वर्षं मी त्याच्या मागे आहे, लाउरेआनो! सोडलास ना त्याला?’

‘एतेल्विनानं खाल्ला.’

तिनं डोकं धरलं आणि धोंड्यावर बसली. चार वर्षांत तिला इतकं दुःखी मी बघितलं नव्हतं. मी काय शोधत होतो, का मरत होतो, ते सगळं सांगितलं. फ्रॉइलान खोलीत लपलाय असं वाटलं, हेही. हसेल वाटलं, पण हसली नाही.

‘त्या खोलीत फ्रॉइलान झोपायचा,’ म्हणाली. ‘मी बांधायचे. पहिल्या हिवाळ्यापासून. त्याच्या बोटांत ते नव्हतं रे. खाणीनं बोटं जाड केली होती त्याची.’

‘पण ते उलटं रेशीम...’

तिनं डावा हात वर केला. शाळेतल्या नन्सनी तो खुर्चीला बांधून ठेवला होता म्हणे, वर्षभर, लिहायला लागल्यावर. जेवते उजव्यानं, सही उजव्यानं, क्रूस उजव्यानं. फक्त दार लावून माश्या बांधायची ती डाव्यानं. तिच्या हाताला ते उलटं नव्हतंच.

‘बाईनं बांधलेली माशी माद्रिदचा कोण नेईल, असं तो म्हणाला. मला पटलं. तेव्हा पटलं. तुम्ही सगळे त्याची पाठ थोपटायचात तेव्हा मी वाइन ओतायचे. राग यायचा, पण मजाही वाटायची. कुठली माशी चांगली ते बरोबर ओळखायचास तू, बाकीच्यांपेक्षा जास्त. मी आतून ऐकायचे.’

ज्या हाताचा मी जन्मभर हेवा केला तो हात! कप झेलला तेव्हा डोळ्यांसमोर होता!

‘मग नदी? तू तर पाठ फिरवलीस –’

‘ते तुम्ही ठरवलंत. मी फक्त नाही म्हटलं नाही. पुलाशी तुम्ही सगळे उभे असता मासे मोजत, म्हणून वळसा घालते. सूप आवडत नाही, कारण मारलेला मासा मला बघवत नाही. मी सोडून देते.’ तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘तो गेल्यावर बांधलेल्या माश्या दाखवणार कुणाला? फ्रॉइलानही नव्हता. मग मासेच उरले.’

मी विचारलं, बावीस तारखेचं काय. ती टोपी पिळत म्हणाली, ‘मला विचार करू दे. तू चार वर्षं माझ्या नवऱ्याच्या माश्यांवर प्रेम करत होतास, आणि तुला वाटत होतं की माझ्यावर करतोस. का उलटं, मला कळत नाहीये.’

मलाही कळत नाहीये.

२४ मे, शुक्रवार

एतेल्विनाला सांगितलं. तिनं आधी क्रूस केला, मग म्हणाली, ‘म्हणजे तिचा मासा मी खाल्ला?’

निरोप नाही. जेवलो नाही. बाकी लिहायला काही नाही.

२६ मे, रविवार

चर्चमधून आम्ही पुलावरून आलो. ती म्हणाली, चल इकडून. सगळे बघत होते.

पुलाच्या मधोमध थांबली. लग्न करीन, म्हणाली, पण आधी फादर बेनिग्नोंना भेट आणि पेटी उघडून घे. मला वाटलं, तिला फ्रॉइलानची आठवण हवीय. कोट हवाय का, विचारलं.

‘डबी! माझ्या हातची प्रत्येक चांगली माशी त्या डबीत होती, लाउरेआनो. त्या दिवशी मी नवऱ्याकडे झेपावले नव्हते. माझी बोटं डबीला लागली होती, आणि तू माझे हात ओढलेस.’

मी कठडा धरला. खाली पाणी नुसतं गर्जत होतं.

‘तूच आत ठेवलीस,’ ती म्हणाली, ‘तूच बाहेर काढ.’